रोहित्राचा सातबारा

साक्री तालुक्यात, पांझरेच्या खोऱ्यात, माझे गाव आहे. गावठाणाच्या उगवतीस ओढा ओलांडला की कडुनिंबाच्या सावलीत दोन खांबांच्या आधाराने उभे असलेले जे रोहित्र लागते, त्याला आम्ही सारे गावकरी 'डीपी' म्हणतो. आणि त्याच्या अखंड घुमण्याचा आवाज माझ्या लहानपणच्या रात्रींशी इतका एकजीव झालेला होता की, तो थांबला म्हणजेच आम्हांला जाग येई. शेतीच्या विजेची पाळी मध्यरात्री येण्याचा तेव्हा शिरस्ता होता. दिवसभराच्या श्रमाने मोडून पडलेल्या माणसाला रात्री बाराला उठून, काळोखातून, सापकिरडाच्या वाटेने विहिरीवर जाणे जिवावर येई. म्हणून हळूहळू ज्याने त्याने आपल्या मोटारीला 'ऑटो' बसवून घेतला, म्हणजे वीज येताक्षणी मोटार आपण होऊन चालू व्हावी. एकेका घराच्या दृष्टीने ही तजवीज अगदी बिनचूक होती. परंतु बाराच्या ठोक्याला वीज आली की त्या एका रोहित्रावरच्या वीसबावीस मोटारी एकाच क्षणी उठत. आणि विजेची मोटार जागेवरून उठताना चालत्या मोटारीच्या पाच-सहापट प्रवाह ओढून घेते, हा तिचा धर्मच असल्यामुळे, शंभर केव्हीएचे ते यंत्र त्या क्षणापुरते आपल्या शक्तीच्या कितीतरी पलीकडे ताणले जाई. 'डीओ', म्हणजे रोहित्राचा फ्यूज, उडाल्याचा सुतळी बॉम्बसारखा आवाज, निळी ठिणगी, आणि पुन्हा काळोख, हे आम्ही अंथरुणातून ऐकत असू. तीन वेळा निभावे, चौथ्या वेळी रोहित्रच जळे. मग वर्गणी, ट्रॅक्टर, तालुक्याची खेप, अर्ज आणि शिफारशी, आणि दुसरे रोहित्र येईपर्यंतच्या दहाबारा दिवसांत माना टाकलेली कांद्याची पात.

तशाच रात्रींत पश्चिमेच्या डोंगरावर, ब्राह्मणवेलच्या बाजूला, पवनचक्क्यांचे तांबडे दिवे उघडझाप करताना पुढे पुढे दिसू लागले. आमच्याच तालुक्यातला वारा वीज निर्माण करीत होता, आणि २०१३ पासून तर शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्पही आमच्याच तालुक्यातल्या उन्हावर चालू झाला. पण ती वीज उच्च दाबाच्या तारांवर चढून दूर निघून जाई आणि गावापाशी परत येताना त्याच जुन्या, एका दिशेच्या, शेपटाकडे दमून जाणाऱ्या तारेने येई. विजेचे उत्पादन ही एक गोष्ट आणि तिचे वितरण ही दुसरी गोष्ट, हा भेद मला कोणत्याही ग्रंथापूर्वी त्या डोंगराने आणि त्या डीपीने शिकविला. आज नवीकरणीय ऊर्जेविषयी आपण जे बोलतो ते बहुतांशी मेगावॉटच्या भाषेत बोलतो. किती सौर पट्टे बसले, किती चक्क्या फिरल्या, किती विद्युत्‌वाहने रस्त्यावर आली, यांचे आकडे वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत छापले जातात. पण ज्या ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर आणि ज्या गल्लीतल्या रोहित्रावर या साऱ्याचा भार शेवटी पडावयाचा आहे, त्यांचा हिशेब कोणी विचारीत नाही. या लेखाचा विषय तो हिशेब आहे.

वितरणाची आपली सारी व्यवस्था एका साध्या गृहीतावर उभी आहे. एका रोहित्रावर शंभर घरे असतील तर शंभरही घरांतली इस्त्री, पाणी तापविण्याचे यंत्र आणि पिठाची गिरणी एकाच घटकेला चालत नाहीत. कोणी पहाटे उठतो, कोणी उशिरा, कोणाकडे पाहुणे असतात तर कोणी परगावी गेलेला असतो. म्हणून सर्वांच्या मंजूर भाराची बेरीज करून तेवढ्या क्षमतेचे रोहित्र बसविण्याची गरज नाही, तिच्या एका अंशावर भागते. हे गृहीत काटकसरीचे आहे, शास्त्रशुद्ध आहे, आणि गेल्या शतकात गावोगाव वीज पोहोचविणे परवडले त्याचे श्रेयही पुष्कळसे त्याला आहे. जेथे माणसांच्या सवयी एकाच मुहूर्तावर बांधल्या गेल्या तेथे मात्र ते कोसळते, आणि आमचे मध्यरात्रीचे 'ऑटो' हा त्याचा पहिला दाखला होता. आता वितरणाच्या दाराशी जे दोन नवे पाहुणे आले आहेत, त्या दोघांचाही स्वभाव नेमका हाच आहे. सूर्य सर्व छपरांवर एकाच वेळी माथ्यावर येतो. आणि वाहने, जर त्यांना तसे शिकविले तर, एकाच वेळी चार्जिंगला लागतात.

पहिल्या पाहुण्याचे एक उदाहरण मी सध्या राहतो त्या पुण्यातल्या गल्लीतलेच देतो. गल्लीच्या अगदी टोकाला एक निवृत्त शिक्षक राहतात. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली, तेव्हा तिच्यातले ७८ हजार रुपयांचे साहाय्य घेऊन त्यांनी छतावर तीन किलोवॉटचा संच बसविला, आणि त्यांचे पाहून त्या टोकाच्या आणखी पाचसहा घरांनी बसविला. पुढच्या एप्रिलात एका रविवारी दुपारी गुरुजींनी मला मुद्दाम वर नेऊन दाखविले: माथ्यावर लखलखीत ऊन, पट्टे स्वच्छ पुसलेले, आणि भिंतीवरच्या इन्व्हर्टरवर तांबडा दिवा लागून संच बंद. तो बिघडलेला नव्हता. भरदुपारी गल्लीत विजेचा वापर अत्यल्प, सर्व छपरांची वीज एकदम तारेवर लोटलेली, ती रोहित्राकडे उलट चढू पाहणारी. आणि तार बारीक व लांब असल्यामुळे तिच्या टोकाशी दाब चढत चढत मर्यादेपलीकडे गेला की इन्व्हर्टर सुरक्षिततेसाठी आपण होऊन हात आखडता घेतो. पाण्याचा पाट उताराने वाहण्यासाठी बांधला आणि मग शेवटच्या वाफ्यातूनच कोणी त्यात पाणी ओतू लागला, तर काठ ओलांडून पाणी प्रथम तेथेच सांडावयाचे. गुरुजींना या गोष्टीचे दुःख पैशापेक्षा निराळ्या कारणाने होते. आयुष्यभर मुलांना वाया घालवू नका म्हणून सांगितलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत ऊन वाया जात होते.

येथे शासनाने केलेल्या एका नियमाचा उल्लेख करणे अवश्य आहे. २०२४ साली ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत अशी दुरुस्ती झाली की, १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरील संचाचा अर्ज तांत्रिक तपासणीविना मंजूर झाला असे समजावे, आणि ५ किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी वितरणव्यवस्थेचे जे बळकटीकरण लागेल ते वितरण कंपनीने आपल्या खर्चाने करावे. ग्राहकाला दप्तरांच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत हा त्यातला हेतू सर्वथा स्तुत्य आहे, आणि त्या नियमाचा मी समर्थक आहे. परंतु अर्ज तपासावयाचा नाही असे एकदा ठरविले, म्हणजे तपासणीचे काम नाहीसे होत नाही. ते अर्जाच्या आधी, संपूर्ण वाहिनीसाठी एकदम करून ठेवण्याची जबाबदारी येते. तसेच कंपनीचा खर्च म्हणजे अखेर सर्व ग्राहकांच्या दरात मिसळणारा खर्च होय. ज्याच्या डोक्यावर पत्र्याचे छप्पर आहे, ज्याला पट्टे बसविण्यास जागाच नाही, अशा भाडेकरूच्या बिलातूनही बंगल्याच्या गल्लीची तार जाड होणार असेल, तर ती तार कोठे, कधी आणि कोणासाठी जाड करावयाची, हे ठरविताना त्या भाडेकरूचे हित पुढे ठेवणे हे न्यायाला धरून आहे. माझ्या मते त्याच्या हिताचा सर्वांत सरळ मार्ग दुसऱ्या पाहुण्याच्या, म्हणजे विजेवरच्या वाहनांच्या, सामायिक रूपातून जातो: एसटी, शहराची बस, शेअर रिक्षा आणि आमच्याकडची काळीपिवळी.

मुंबईकरांना विजेची आणि सामायिक वाहनांची ही जोडी नवी वाटू नये. १८७४ साली तेथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि १९०५ साली जी कंपनी नव्याने उभी राहिली तिच्या नावातच वीजपुरवठा आणि ट्रामवाहतूक ही दोन्ही कामे शेजारी शेजारी लिहिलेली होती. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावू लागली. सामायिक विद्युत्‌वाहन हा शब्दप्रयोग आज नवा म्हणून मिरविला जातो. पण ती वस्तू आपल्या आजोबा-पणजोबांनी आणे-पैशांचे तिकीट काढून वापरलेली आहे. त्या व्यवस्थेचे मर्म असे होते की, तार टाकणारा आणि गाडी चालविणारा एकाच छपराखाली बसत असे. गाडीला कोणत्या घटकेला किती वीज लागेल हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती कोणत्या केंद्रातून आणावयाची याचाही विचार करावा लागे. १९४७ साली तो सारा कारभार महापालिकेकडे आला, १९६४ च्या मार्चअखेर शेवटची ट्राम बंद झाली, आणि बसगाड्या डिझेलवर धावू लागल्यावर वीज आणि वाहतूक हे दोन संसार एका घरात राहूनही निराळे झाले. राज्याच्या उरलेल्या भागात तर ते एका घरात कधी नव्हतेच. आता विद्युत्‌बसमुळे त्यांचे सोयरपण पुन्हा जुळत आहे. पण दोघांची दप्तरे अजून एकमेकांना पत्रेच लिहितात. आगाराची जागा वाहतूकवाले ठरवितात, बसची निविदा निघते, मुदत जवळ येते, आणि मग विजेच्या जोडणीसाठी दरखास्त जाते.

ही दिरंगाई का महाग पडते ते आकड्यांनीच पाहावे. बारा मीटर लांबीच्या विद्युत्‌बसला एक किलोमीटर जाण्यासाठी साधारणतः एक युनिट किंवा थोडी अधिक वीज लागते असे धरले, तर दिवसाला दोनशे किलोमीटर धावणाऱ्या शंभर गाड्यांच्या आगाराला रोज वीस हजार युनिटे लागणार. ही सर्व वीज रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांत भरावयाची म्हटली, तर सहाही तास सरासरी सव्वातीन मेगावॉटहून अधिक भार राहील. आणि दोनशे अँपिअर वाहून नेणारी ११ हजार व्होल्टची वाहिनी घेतली, तर तिची सारी क्षमता पावणेचार मेगावॉटच्या आसपास भरते. म्हणजे एका आगारासाठी जवळजवळ एक अख्खी वाहिनी. पुण्याने २०१९ मध्ये भेकराईनगरपासून विद्युत्‌बसच्या आगारांना प्रारंभ केला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली होती, त्याच मार्गावर, १ जून २०२२ रोजी, पहिली विद्युत् 'शिवाई' निघाली. एसटीची राज्यभर सुमारे अडीचशे आगारे आहेत. त्या सगळ्यांचे एकेक करून विद्युतीकरण व्हावयाचे असेल, तर कोणत्या उपकेंद्रात जागा आहे आणि कोणत्यात नाही, हे गाड्या घेण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे; कारण बस काही महिन्यांत तयार होते, पण नव्या उपकेंद्राची जमीन, मंजुरी आणि तारेच्या वाटेवरच्या हरकती यांत वर्षे जातात.

यावरून मी असे मुळीच सुचवीत नाही की आगारांसाठी सर्वत्र नव्या तारांचे जाळे विणावे. सामायिक वाहनाचे खरे महत्त्व हे की त्याला वेळ सांगता येते. खासगी मोटार कोठे, केव्हा उभी राहील हे तिच्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून असते आणि बहुधा ती संध्याकाळी सातला, नेमक्या ज्या वेळी घराघरांत दिवे, पंखे आणि शेगड्या लागलेल्या असतात त्या वेळी, घरी येऊन खुंटीला लागते. बसचे तसे नाही. सकाळची शाळा-कचेऱ्यांची गर्दी ओसरली की अकरापासून चारपर्यंत आगारात कितीतरी गाड्या सावलीत उभ्या असतात. शेअर रिक्षावाला याच वेळी डबा उघडतो. काळीपिवळीचा चालक बाजाराची भरती येईपर्यंत स्टँडवर पेपर वाचीत बसतो. आणि याच तासांत गुरुजींच्या छतावर तो तांबडा दिवा लागलेला असतो. ज्या घटकेला एका टोकाला वीज सांडते त्याच घटकेला दुसऱ्या टोकाला मोकळी वाहने उभी असतात, हा योग इतका सुंदर आहे की तो साधण्यासाठी शहराच्या नकाशावर दोन बिंदू एका वाहिनीवर आणणे एवढेच आपले काम उरते. रिक्षातळ कोठे द्यावयाचा, बसचे दुपारचे विश्रांतिस्थान कोणते असावे, हे वाहतुकीचे प्रश्न म्हणून आजवर सोडविले गेले. यापुढे ते विजेचेही प्रश्न समजले पाहिजेत. ज्या वाहिनीवर छपरांची दुपारची वीज अधिक, तिच्यावरच रिक्षातळाचे चार्जिंग द्यावे. म्हणजे दोन्ही भार एकमेकांना खातील आणि जाड तारेचा खर्च पुष्कळ ठिकाणी टळेल.

या कामी दराचा उपयोग होतो, पण दर एकटा पुरा पडत नाही. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांतला दर नेहमीच्या दराहून किमान २० टक्क्यांनी कमी ठेवण्याचे ठरविले, आणि स्मार्ट मीटर बसतील तसतसा हा भेद, शेती वगळून, इतर ग्राहकांपर्यंत पोहोचावयाचा आहे. धोरण योग्य आहे. परंतु स्वस्ताईची घटका सर्वांना एकच दिली, की आमच्या मध्यरात्रीच्या मोटारींची पुनरावृत्ती होते. दहाच्या ठोक्याला दर उतरतो असे कळले म्हणजे एका वस्तीतली सारी वाहने दहाच्या ठोक्यालाच चार्जिंगला लागतील, कारण आता 'ऑटो' प्रत्येक गाडीच्या यंत्रणेतच आहे. आणि गल्लीतले रोहित्र दराकडे पाहत नाही, प्रवाहाकडे पाहते. राज्याच्या एकंदर मागणीचा आलेख त्या वेळी खाली असला तरी त्या एका रोहित्राचा माथा त्याच वेळी सर्वांत उंच होऊ शकतो. म्हणून दराबरोबर पाळी पाहिजे.

पाळी म्हटली म्हणजे मला पांझरेचे फड आठवतात. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले बंधारे आहेत. त्यांतून निघालेल्या पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते, एका फडात एका हंगामात एकच पीक घेण्याची वहिवाट असते, आणि पाणी देण्याचे काम ज्याच्या त्याच्या हाती न ठेवता पाटकऱ्याकडे सोपविलेले असते. यांतली सर्वांत मोठी शहाणपणाची गोष्ट अशी की, शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसून निरनिराळ्या फडांत तुकड्यांनी असे. त्यामुळे पाणी कमी पडलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला, तर तूट कोणा एकट्याच्या घरावर कोसळत नसे, सर्वांत विभागली जाई. आपल्या वाहिनीवर आज असे काहीच नाही. जो उपकेंद्राजवळ राहतो, ज्याने आधी जोडणी घेतली, त्याची सोय झाली. शेपटाकडचा आणि मागाहून आलेला माणूस 'क्षमता शिल्लक नाही' हे उत्तर घेऊन परत जातो. रोहित्राची क्षमता ही नदीच्या पाण्यासारखी मर्यादित आणि सामायिक वस्तू आहे, हे एकदा मान्य केले की तिच्या वाटपाला क्रम लागतो. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणीपंचायत उभारली, तेव्हा पाण्याचा हिस्सा जमिनीच्या एकरांवर न देता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर दिला, आणि भूमिहीनालाही त्यात हक्क ठेवला. विजेच्या बाबतीत मी तेच तत्त्व मागतो. एका वाहिनीवर उरलेली क्षमता देताना, ज्या वाहनातून दिवसाला शेकडो माणसे ये-जा करतात त्याचा नंबर आधी, जे वाहन एका कुटुंबाच्या दारात दिवसाचे बावीस तास उभे असते त्याचा नंतर. खासगी मोटारीला वीज नाकारावी असे मी म्हणत नाही; तिने आपली पाळी घ्यावी, आणि तिच्यासाठी तार जाड करावी लागली तर तिचा न्याय्य वाटा तिने द्यावा.

खेड्यात तर या दोन प्रश्नांची गाठ मला अधिकच स्पष्ट दिसते. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. उपकेंद्राच्या जवळपास काही मेगावॉटचे छोटे सौर प्रकल्प उभारून त्यांची वीज थेट शेतीच्या वाहिन्यांना द्यावी, असे तिचे सूत्र आहे, आणि राळेगणसिद्धीपासून तिची सुरुवात झाली. आजवरच्या ऊर्जायोजनांत वितरणाच्या दृष्टीने इतकी समंजस योजना मी दुसरी पाहिली नाही, कारण तीत ज्या टोकाला तहान त्याच टोकाला विहीर खणलेली आहे. बिबट्याच्या भयाने रात्री शेतात जाऊ न शकणाऱ्या जुन्नरच्या शेतकऱ्याला आणि सापाच्या भयाने जाऊ न शकणाऱ्या आमच्या साक्रीकराला ती केवळ वीज देत नाही, रात्रीची झोपही देते. परंतु तिचा एक परिणाम अजून पुरता लक्षात घेतला गेलेला नाही. पंप दिवसा गेले म्हणजे त्याच उपकेंद्राची रात्र मोकळी झाली.

आणि रात्री खेड्यात मुक्कामाची गाडी असते. ज्याने खेड्यात शिक्षण घेतले त्याला मुक्कामाची एसटी म्हणजे काय हे सांगावयास नको: रात्री नऊच्या सुमारास धूळ उडवीत येणारी, ग्रामपंचायतीपुढे उभी राहणारी, आणि पहाटे साडेपाचला दूधवाले, कॉलेजची मुले आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे घेऊन तालुक्याला जाणारी ती एकच गाडी. विद्युत्‌बसची योजना करणारे बहुधा या गाडीला शेवटी ठेवतात. मोठ्या आगारात शंभर चार्जर एकत्र बसविणे सोपे, खेड्याच्या पारापाशी एक बसविणे कठीण, असे त्यांचे म्हणणे. पण हिशेब करून पाहा. दिवसभरात दोनशे युनिटे खर्च केलेली गाडी रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत सात तास सावकाश भरली, तर तिचा भार एकोणतीस किलोवॉटच्या आसपास होतो. म्हणजे पाच अश्वशक्तीच्या आठ मोटारींएवढा. शेतीच्या आणि गावठाणाच्या वाहिन्या आता पुष्कळ ठिकाणी निराळ्या केलेल्या आहेत हे मला ठाऊक आहे, त्यामुळे पंपांचे रोहित्र जसेच्या तसे गाडीला देता येणार नाही. तथापि दोन्ही वाहिन्या निघतात त्या उपकेंद्राला रात्री आराम असतो, आणि दहानंतर गावठाणाच्या रोहित्रावर पंखे आणि चार दिवे यांखेरीज फारसे काही उरत नाही. जलद चार्जरची येथे आवश्यकता नाही, महागड्या यंत्रांची नाही. गाडी तशीही झोपलेली असते. प्रश्न एवढाच की, आमच्या गावठाणाच्या रोहित्रावर रात्री दहानंतर किती जागा शिल्लक असते, हे कोणाला तरी निश्चित ठाऊक असावे.

यासाठी माझी सूचना अशी आहे. ज्याप्रमाणे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा सातबारा असतो, त्यात मालक कोण, क्षेत्र किती, पीक काय, बोजा कोणता हे लिहिलेले असते, आणि तो उतारा कोणीही नागरिक मागून पाहू शकतो, त्याप्रमाणे प्रत्येक रोहित्राचा आणि प्रत्येक वाहिनीचा उतारा असावा. रोहित्राचा क्रमांक, त्याची क्षमता, गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला त्याच्यावर सर्वाधिक भार आला, त्याच्याखाली किती किलोवॉट सौर संच जोडलेले आहेत, वाहनांसाठी किती भार मंजूर झाला आहे, आणि दिवसा व रात्री निरनिराळी अशी किती क्षमता शिल्लक आहे, एवढ्या नोंदी पुरेत. कोणाच्या घराची बिले त्यात येण्याचे कारण नाही. उतारा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि शहरात प्रभाग कचेरीत लावावा; नवी जोडणी झाली की त्यात फेरफार नोंदवावा. रिक्षातळ मागणाऱ्या चालकांना, संच बसवू पाहणाऱ्या गुरुजींना, मुक्कामाची गाडी मागणाऱ्या सरपंचांना आज प्रत्येकाला वेगळा अर्ज करून जे कळत नाही, ते त्या एका कागदावर दिसेल. यावर असा आक्षेप येतो की इतकी मोजमापे उपलब्ध नाहीत. वितरण सुधारण्यासाठी २०२१ साली केंद्राने जी योजना आखली तिची व्याप्ती तीन लाख कोटी रुपयांहून अधिक आहे आणि तीत ग्राहकांच्या मीटरांबरोबर वाहिन्यांना आणि रोहित्रांनाही मीटर लावण्याची तरतूद आहे. मीटर लागणार असतील, तर त्यांचे आकडे केवळ बिलांसाठी आणि वीजचोरी पकडण्यासाठी वापरून कपाटात ठेवणे ही लोकांच्या पैशाची अर्धीच वसुली होय.

राज्याचा विद्युत नियामक आयोग २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांच्या कालखंडासाठी दर ठरविताना वितरणाच्या भांडवली खर्चाचाही विचार करतो आणि त्यावर जाहीर सुनावण्या होतात. त्या सुनावण्यांत मी हजर राहिलो आहे. लोक पोटतिडकीने बोलतात, आणि बोलतात ते बहुशः प्रतियुनिट दराविषयी. ते स्वाभाविक आहे. पण या पाच वर्षांत कोणत्या तालुक्यातले कोणते उपकेंद्र वाढणार, ते एसटीच्या आगारांच्या यादीशी ताडून पाहिले आहे काय, आणि पाहिले असल्यास तो तक्ता कोठे आहे, हा प्रश्न विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पुढच्या सुनावणीला तो मी लेखी विचारणार आहे, आणि वाचकांपैकी ज्यांच्या गावी मुक्कामाची गाडी येते त्यांनी आपापल्या गावापुरता तो विचारावा अशी माझी विनंती आहे.

गेल्या दिवाळीत गावी गेलो असता रात्री जेवणानंतर पारापर्यंत फिरावयास गेलो. मुक्कामाची गाडी उभी होती. चालक-वाहक पंचायतीच्या ओट्यावर अंथरूण टाकीत होते. गाडीच्या मागच्या चाकापासून गावठाणाच्या डीपीपर्यंत मी पावले मोजली, बेचाळीस भरली. डीपीपाशी आमचा वायरमन टॉर्चच्या उजेडात काचेच्या नळीतले ओल टिपणारे खडे पाहत होता. हे खडे कोरडे असले म्हणजे निळे असतात आणि ओल धरली की गुलाबी पडतात, आणि ते पुरते गुलाबी झालेले होते. मी त्याला विचारले, "भाऊ, आत्ता या घटकेला यावर भार किती असेल?" त्याने टॉर्च विझविली, हाताच्या तळव्याने रोहित्राच्या टाकीची ऊब लांबूनच अजमावली, क्षणभर घुमणे ऐकले, आणि म्हणाला, "दादा, निम्म्याच्या आत असेल. पण लिहून द्या म्हणाल, तर माझ्याकडे काहीच नाही."